झाकणं, उठणं, बंद करणं

परवा कॉलेजमधून परतताना एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेला कांद्याच्या पहिल्या माळा टांगलेल्या दिसल्या. आडव्या बांबूवर पांढऱ्याशुभ्र माळा, मागे सावलीला बसलेली एक बाई. तिचा चेहरा ओळखू येण्याआधीच गाडी पुढे गेली, पण वास आला. अलिबागकडचा पांढरा कांदा नाकाला झोंबत नाही. त्याचा वास गोडसर असतो, वाळत चाललेल्या पातीचा आणि मातीचा. तो आला आणि मला गेल्या वर्षीचे हेच दिवस आठवले. अशा वासावरून लोकांना काय काय आठवत असेल. मला आठवला संगणक बंद करण्याचा मेनू. हे लिहितानाही जरा संकोच वाटतो आहे.

गेल्या वर्षी मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरी प्रत्येक गोष्ट समजावून सांगावी लागायची. प्रोजेक्ट करायचा आहे म्हटल्यावर बाबांनी हातातला कोयता खाली ठेवून विचारलं होतं, "कुनाची जमीन जातेय?" आमच्या जिल्ह्यात प्रोजेक्ट या शब्दाने आधी तेच मनात येतं. मी म्हटलं, "बाबा, कागदावरचा आहे, कॉलेजचा." तरीही त्यांची शंका पूर्ण फिटली नसावी. पुढचे दोन दिवस ते माझ्याकडे जरा सांभाळूनच बघत होते.

वर्गातल्या मुलांचे विषय मोठे होते. कुणी चेहरा ओळखून हजेरी घेणार होतं, कुणी नागावच्या घरगुती लॉजसाठी बुकिंगची व्यवस्था करणार होतं. मी आणि माझी मैत्रीण रुकसाना, आम्ही दोघींनी घेतला होता एक मेनू. संगणकावरचं काम संपल्यावर कोपऱ्यातलं ते गोल चिन्ह दाबलं की जी यादी उघडते, तेवढाच. सर म्हणाले, "अगं, चार बटणांचा प्रोजेक्ट करणार तुम्ही?"

"सहा आहेत सर," रुकसाना म्हणाली. ती रेवदंड्याची, बोलायला मागेपुढे न बघणारी. "आणि त्यातलं कुठलं दाबायचं ते आमच्याकडे कुणालाच कळत नाही."

ते खरं होतं. शट डाउन, रिस्टार्ट, स्लीप, लॉक, लॉग आउट, स्विच युजर. मला पहिल्यांदा ती यादी दिसली तेव्हा भीतीच वाटली होती. आमच्या घरात कुठलीही वस्तू एकाच पद्धतीने बंद होते. पंखा भिंतीवरच्या बटणाने, विहिरीवरची मोटर खटक्याने, गॅस सिलिंडरच्या नळाने. बंद म्हणजे बंद. इथे मात्र निघून जायच्या सहा तऱ्हा, आणि चुकीची निवडली तर काय होईल हे कुठेच लिहिलेलं नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात एक संगणक आहे. वर्गणी काढून घेतलेला. त्यावरची प्रणाली मोफत आणि कुणालाही बदलता येईल अशी, म्हणून आम्हाला तिच्यात बदल करून बघता येणार होता. दिवसा शाळेची मुलं बसायची आणि संध्याकाळची वेळ बायकांची. या वेळेसाठी सुमन मावशी भांडली होती. ती बचत गटाची प्रमुख. मुंबईच्या गिऱ्हाइकांना माळांचे फोटो पाठवायचे, त्यांच्या मागण्या बघायच्या, हे ती एका बोटाने आणि मोठ्या आवाजात करायची. आणि दुसरी नेमाने येणारी म्हणजे माझी वहिनी.

वहिनीबद्दल लिहिताना मला थोडं थांबावं लागतं. दादा मांडव्याच्या जेट्टीवर कामाला. सकाळी पहिल्या बोटीच्या आधी निघतो आणि घरातला एकमेव बरा फोन त्याच्याबरोबर जातो. वहिनी मुरूडकडची, बारावी झालेली. लग्नाला चार वर्षं झाल्यावर तिने एकदा भाकरी थापता थापता सांगितलं, "मी बी.ए.ला नाव घातलंय. मुक्त विद्यापीठात." आईने तवा जरा जोरात ठेवला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी चिरायला आई स्वतः बसली, तेव्हा मी समजले की परवानगी मिळाली.

त्या दिवसांत घरभर कांद्याची टरफलं उडायची. पातळ, पांढरी, हवेच्या झुळकीवर चढणारी. अंथरुणात सापडायची, आमटीत सापडायची. दुपारी पडवीत बायका पाती विणायला बसायच्या, तीन तीन पाती घेऊन वेणी घालावी तशी, आणि संध्याकाळी तेच हात घेऊन वहिनी वाचनालयात जायची. पातीच्या रसाने तिची नखं हिरवट काळी झालेली असत. कीबोर्डच्या फटींत टरफलं अडकत. रुकसाना एकदा कीबोर्ड उलटा करून झटकत म्हणाली, "तुमच्या संगणकाला फोडणी द्यायचीच बाकी आहे."

आमचा पहिला मेनू आम्ही फार मनापासून केला होता. सगळी इंग्रजी नावं काढून शुद्ध मराठी घातली. सत्र समाप्त करा. निद्रावस्था. पडदा कुलूपबंद करा. सरांनाही तो आवडला. आम्ही वाचनालयात तो दाखवायला गेलो आणि सुमन मावशीने डोळे बारीक करून वाचलं.

"निद्रावस्था," ती म्हणाली. "कुनाची?"

"संगणकाची, मावशी."

"आनी मी बसलेली असताना तो झोपनार? मंग मना काय कामाचा?" सगळ्या हसल्या. वहिनीसुद्धा पदराआड हसली. मी पण हसले, पण घरी जाताना मला जरा रडू येत होतं. इंग्रजी शब्दांना त्या घाबरायच्या, आमच्या मराठी शब्दांना हसल्या. दोन्हींचा परिणाम एकच. कुणी मेनूला हातच लावला नाही.

मग त्या निघताना काय करायच्या? हे मी रोज बघत होते, तरी मला दिसलं नव्हतं. काम संपलं की त्या उठायच्या आणि पडद्यापासून कीबोर्डपर्यंत सगळ्यावर एक फुलाफुलांचं कापड घालायच्या. कुणीतरी घरून आणलेलं, जुन्या साडीचं. खाली संगणक चालूच असायचा. दुसरी आली की कापड उचलायची, पहिलीचं उघडं काम हळूच बाजूला सारायची, न वाचता, आणि आपलं उघडायची. मला वाटायचं, धुळीसाठी असेल.

वाचनालयाचे अध्यक्ष नाना. एसटीच्या डेपोत तिकीट खिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेले. वाचनालयातला प्रत्येक पंखा जाताना तेच बंद करतात, पुस्तकांना वाळवीपासून जपतात, पेपरची घडी मोडली तरी त्यांना चैन पडत नाही. संगणकाच्या खुर्चीवर मात्र ते कधी बसलेले दिसले नव्हते. लांबून लक्ष ठेवायचे, एखाद्याने दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाकडे बघावं तसे.

एका संध्याकाळी वहिनी तिचा स्वाध्याय टाइप करत होती. स्वाध्याय म्हणजे घरून लिहून पाठवायची उत्तरं. महिनाअखेरपर्यंत ती पोचली नाहीत तर वर्ष फुकट. कितीतरी संध्याकाळी ती एकेक अक्षर शोधत लिहीत होती. तेवढ्यात आईचा निरोप आला, नळाला पाणी आलंय. आमच्याकडे पाणी आलं की बाकी सगळं मागे पडतं. वहिनीने कापड घातलं आणि हंडे भरायला धावली. नाना आले. त्यांनी बघितलं, झाकलंय म्हणजे झालं. कापडावर हात ठेवला तर खाली ऊब. त्यांना पुस्तकांची काळजी वाटली, आगीची भीती वाटली, आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

वहिनी ओल्या पदराने परत आली. संगणक चालू केला. मला बोलावून घेतलं. मी शोधशोध शोधलं, पण पहिल्या उत्तराचा एक परिच्छेद तेवढा सापडला. बाकीचं तिने कधी जपून ठेवलेलंच नव्हतं. तिला वाटत होतं, उघडं आहे म्हणजे आहे.

"मी झाकून गेले होते," ती एवढंच म्हणाली. तिच्या मते तिने करायचं ते सगळं केलं होतं.

नानांना वाईट वाटलं. ते मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं. पण त्या वाईट वाटण्यातूनच त्यांनी जाहीर करून टाकलं, "ज्यांना बंद करता येत नाही, त्यांनी चालू करू नये. बायकांची वेळ थांबवू. उद्या आग लागली तर गावाला काय सांगू?" कमिटीच्या इतरांनी मान हलवली. सुमन मावशी तिथे असती तर कदाचित तसं झालं नसतं. पण ती त्या दिवशी बाजाराला गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी पडवीत वहिनी माळा विणत होती, नेहमीपेक्षा भराभर. मी जवळ बसले. ती म्हणाली, "राहू दे ना आता. कांद्याचं पण काम आहेच." मला तिचं ते "पण" अजून आठवतं. शिकणारी माणसं मोठ्या अडचणींमुळे शिक्षण सोडतात असं मी वाचत आले होते. मला त्या दिवशी वाटलं, ते असंही सुटत असेल. एखाद्या बटणामुळे. कुणाचीच चूक नसताना.

रविवारी मी सुमन मावशीबरोबर रस्त्यावरच्या मांडवात बसायला गेले. खरं सांगायचं तर घरात वहिनीसमोर बसवत नव्हतं म्हणून. त्या मांडवात तीन-चार घरच्या बायका आळीपाळीने माळा विकतात. शनिवार-रविवारी नागावकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात. एका गाडीतून उतरलेल्या बाईने विचारलं, "कांदा गोड आहे ना?" मावशी म्हणाली, "चावून बगा. गोड नाय लागला त तुमची जीब दुसऱ्या दुकानात दाखवा." ती बाई हसली आणि दोन माळा घेऊन गेली.

ऊन चढलं तशी मावशी मलाही घेऊन जेवायला उठली. चिंचेच्या झाडाखाली, मांडवापासून बरीच लांब. जाताना तिने एक जुनी साडी ओढून सगळ्या माळांवर घातली.

"मावशी, कुणी नेल्या तर?"

"झाकल्याला कोन हात लावतं?" तिला माझा प्रश्नच कळला नाही. "झाकलंय म्हंजे मानूस हाय. येतोय."

मी विचारलं, "आणि घरीच जायचं असेल, परत यायचं नसेल, तर?"

"मंग कशाला झाकायचं? आपल्या माला उचलायच्या, जागा मोकली करायची. मागं कोन हाय का बगायचं. असली त मांडव तिचा. नसली त ताडपत्री उतरवायची, दोरी गुंडालायची, झालं." भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "कॉलेजात हे नाय शिकवीत काय गो?"

नाही शिकवत. आम्ही दोन महिने त्या सहा शब्दांची मराठी करत होतो, आणि बायका रोज त्यातल्या तीन गोष्टी रस्त्याकडेला करत होत्या. नाना कधी मांडवात बसलेले नाहीत. त्यांच्या लेखी झाकलेलं म्हणजे संपलेलं, तिकीट खिडकीची फळी पाडल्यासारखं. बायकांच्या लेखी झाकलेलं म्हणजे येणारं. दोघांनीही कापडच बघितलं, आणि त्या दोन अर्थांच्या मधोमध वहिनीची उत्तरं गेली. हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण जास्त करून वहिनीची आठवण आली.

रुकसानाला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझी मावशी आपली गाइड असती तर एव्हाना पास झालो असतो." मग आम्ही सगळं पुसलं. नव्या मेनूत फक्त तीन ओळी ठेवल्या. थोड्या वेळाने परत बसायचं आहे. माझं झालं, दुसऱ्यांना बसायचं आहे. माझं झालं, मागे कोणी नाही. पहिली निवडली की पडदा झाकला जायचा, त्यावर फुलाफुलांच्या कापडाचं चित्र आणि बसणारीचं नाव दिसायचं, म्हणजे नानांनाही कळावं की माणूस येतो आहे. दुसरीने आपलं आवरून जागा मोकळी व्हायची. तिसरीने संगणक खरोखर बंद व्हायचा. बाकीचे पर्याय "आणखी" या शब्दामागे गेले.

या तिन्हींच्या वर आणखी एक ओळ होती: तुमचं काम जागेवर ठेवलं आहे. दिसायला ती सगळ्यात साधी, पण तिलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. कारण रुकसाना अडून बसली. "खरंच ठेवल्याशिवाय ती ओळ दाखवायची नाही. खोटा दिलासा नको. तुझ्या वहिनीला आता दुसऱ्यांदा फसवायचं का?" मग काम आपोआप जपून ठेवण्याची सोय करावी लागली. ती बिघडायची, परत करायची. आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये बसून मुद्दाम वीज तोडून बघायचो. लॅबचे शिपाईमामा म्हणायचे, "तुम्ही दोघी शिकायला येता का मोडायला?"

सरांनी शेवटी आम्हाला बरे गुण दिले. "कल्पना चांगली आहे, तांत्रिक खोली कमी आहे," असं ते म्हणाले. ते बरोबर असेल. एम.एस्सी.त आल्यावर आता मलाही कळतं की त्यात बरंच कच्चं होतं. कधी कधी वर्गात मोठमोठ्या प्रणालींबद्दल ऐकताना मनात येतं, यातून उठून जाताना माणसाला काय वाटेल? मग वाटतं, असे प्रश्न विचारायचे नसतील. मी विचारत नाही. वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवते.

पण त्या वेळी गुणांपेक्षा मला महिनाअखेरची धास्ती होती. वहिनीने उत्तरं हाताने कागदावर परत लिहायला घेतली होती. सुमन मावशीनेच तिला बसवलं होतं, "तू लिव, टाइप करायचं बगू," असं म्हणून. आता संगणक मिळायला हवा होता. मी नानांकडे गेले आणि आमचा नवा मेनू एकदा बघा तरी अशी विनंती केली. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या वहिनीलाच करून दाखवू दे. तू नको. तू शिकलेली आहेस."

त्या संध्याकाळी वाचनालयात कमिटीची दोन माणसं होती, बायका होत्या, आणि वारा समुद्राकडून येत होता म्हणून खिडक्या आपटत होत्या. वहिनी खुर्चीवर बसली. तिने पहिल्या उत्तरातल्या चार ओळी टाइप केल्या. मग ती थांबली आणि तिने कोपऱ्यातलं चिन्ह दाबलं. तुमचं काम जागेवर ठेवलं आहे. खाली तीन ओळी.

सगळ्यांना माहीत होतं तिने काय दाबायचं ते. शेवटची ओळ. संगणक बंद करून दाखवायचा, एवढीच तर परीक्षा होती. वहिनीने तिन्ही ओळी ओठ हलवत वाचल्या. आणि मग, मांडवातली कुठलीही बाई बघते तशी, तिने मागे वळून बघितलं.

"नाना, तुम्हाला बसायचंय?"

नाना म्हणाले, "मला? मला काय करायचंय त्यावर?"

"बसा की," सुमन मावशी म्हणाली. "खुर्ची काय चावते? आमाला नाय चावली."

नानांनी कमिटीच्या माणसांकडे बघितलं, मग आमच्याकडे. "आमच्या खिडकीवर हे यायला लागलं तेव्हाच मी रिटायर झालो," ते म्हणाले. हे त्यांनी कुणाला सांगितलं कोण जाणे. मग जरा हळू आवाजात, "मी बसलो आणि बंद पडला तर?"

"मग परत लावू," वहिनी म्हणाली. "तुमचं काय जाणार नाय."

तिने मधली ओळ दाबली, आपलं आवरलं आणि उठून खुर्ची त्यांच्याकडे वळवली. नाना बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले. वहिनी त्यांच्या बाजूला उभी राहिली आणि माऊसवर हात कसा ठेवायचा ते सांगू लागली. बाण पडद्यावर कुठच्या कुठे पळाला तसे ते दचकले, आणि मग हसले. तसं हसताना मी त्यांना आधी बघितलं नव्हतं.

थोड्या वेळाने, पडद्यावरची नजर न काढता, त्यांनी विचारलं, "उद्या तुम्ही बायका किती वाजता बसता?"

वहिनी म्हणाली, "पाणी भरून झालं की."